फल्लीदाण्याचा नेम

"चपला सरळ कर आधी. घर आहे हे, मंडळाचा हॉल नाही."

वेदांग दारातच वाकला. एक चप्पल उताणी पडली होती, दुसरी आडवी. त्याने दोन्ही सरळ केल्या, पण तोंडं फाटकाकडे करून. म्हणजे पळायला बरं. बेबीबाईंनी तेही पाहून ठेवलं. सोळा वर्षांचा घोडा, ओठावर मिशीची काळी रेघ आणि चप्पल काढायची अक्कल नाही. घरी कोणी सांगत नसेल. सांगणार कोण? आजीला मंडळाच्या भानगडींतून सवड नाही आणि आईला फोनमधून.

बेबीबाई इरकलीचं लुगडं नेसून व्हरांड्यात पाटावर बसून खलबत्त्यात फुटाण्याचं डाळं कुटत होत्या. हात थांबला नाही, आणि त्यांनी त्याला बस म्हटलं नाही. कांचघर मोहल्ल्यातल्या या घरी आलेल्या माणसाला बस न म्हणण्याची ही त्यांच्या आयुष्यातली तिसरी वेळ. पहिला एक विम्याचा एजंट होता, दुसरी त्यांची सख्खी नणंद.

पोराने पिशवीतून केळ्यांची फणी काढली आणि कठड्यावर ठेवली. पाच केळी होती. सहाव्याचं देठ रिकामंच लोंबत होतं.

"अधारतालहून इथवर येईस्तोवर भूक लागली वाटते."

"सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आजी."

"अच्छा. मग आजाऱ्याच्या फळातलं खाल्लंस. बरं केलंस."

वेदांगचे कान लाल झाले. त्याने पिशवीत पुन्हा हात घातला आणि एक नारळ काढला. नारळ बेताचाच, शेंडी उपटलेली, पाणी असेल तर असेल. तो हातात घेऊन उभा राहिला, कुठे ठेवावा ते न कळून.

"अक्षत कसा आहे?"

"जिवंत आहे. तुमच्या कृपेनं नाही."

अक्षत, बेबीबाईंचा एकुलता नातू, आतल्या खोलीत झोपला होता. शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीच्या नाटकाची तालीम चालली होती. तिथे या टोळक्याने त्याला दाण्याचा लाडू खायला लावला. शेंगदाण्याचा एक कण पोटात गेला तर त्या पोराचा गळा मिटतो. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. दवाखान्यात पोचायला आणखी दहा मिनिटं लागली असती तर, असं डॉक्टर सून मेघनाला म्हणाले आणि पुढचं बोललेच नाहीत. दोन रात्री तिथे काढून काल पोरगं घरी आलं, आवाज फुटक्या मडक्यासारखा घेऊन.

या तीन दिवसांत बेबीबाईंनी या वेदांगसाठी बरंच काही तयार करून ठेवलं होतं. भराभर लिहिता येत असतं तर कागदावर उतरवलं असतं, पण चौथीत शाळा सुटली ती सुटली. म्हणून रोज पहाटे अंथरुणातच घोकलं होतं. आता आयताच दारात उभा होता.

"चार-चार जण मिळून एकाला खाऊ घालायला गेलात. मर्दुमकी आहे. तुझे आजोबा रेल्वेत होते नं? त्यांच्यापाशी सांगायला पाहिजे होतं, की बघा, नातवानं काय पराक्रम केला. भिंतीवर फोटो आहे नं त्यांचा? त्याला तोंड दाखवलंस का?"

"नाही, आजी."

"आमच्या पोरानं तुमचं काय घोडं मारलं होतं? तुमच्याबरोबर नाचतो, तुमची पडदे बांधायची कामं करतो. तुम्ही पोहे खाता तेव्हा आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसतो. तेवढं पण पाहवलं नाही तुम्हाला. अन् मरायला टाकून वर पाच केळी घेऊन आला. लाज नाही ती नाही, मोजता पण येत नाही."

वेदांग खाली मान घालून नारळाची करवंटी नखाने खरवडत राहिला. त्याची ती मान पाहून बेबीबाईंना आणखीच चीड आली. भांडणारा असता तर मजा तरी आली असती. हा नुसता ओल्या बोळ्यासारखा.

"अन् हा नारळ कशाला? त्याला नारळाचं पाणी द्यायचं तर शहाळं आणतात. एवढं पण माहीत नाही?"

"अक्षतसाठी नाही." पोराने नारळ छातीशी धरला. "देवीपाशी फोडायचा आहे. तुमच्या देवीपाशी. माझी गलती झाली, आजी. मी त्याचा नेम मोडवला."

बत्ता खलात पडला तो तिथेच राहिला.

बेबीबाईंनी पदराने हात पुसले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

या घरात अकरा वर्षांत फल्लीदाणा, म्हणजे शेंगदाणा, शिरला नव्हता. भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, सगळ्यांत हेच फुटाण्याचं डाळं आणि भाजलेले तीळ. मराठी बाईने दाण्याच्या कुटाशिवाय घर चालवून दाखवावं आणि मग आपल्या सुगरणपणाच्या गोष्टी सांगाव्यात, असं त्या म्हणत आणि ते खोटं नव्हतं.

खोटं दुसरंच होतं.

अक्षत चार वर्षांचा असताना संक्रांतीला कोणीतरी त्याच्या हातावर चिक्की ठेवली आणि पोराचं तोंड पुरीसारखं फुगलं. डॉक्टरांनी काय ते सांगितलं. मेघना शाळेत शिकवणारी, तिला ते एका वाक्यात कळलं. बेबीबाईंनाही कळलं, त्या अडाणी नव्हत्या, फक्त शिकल्या नव्हत्या. पण पुढच्याच आठवड्यात मंडळात हळदीकुंकू होतं आणि तिथे वसुधाबाई, म्हणजे या वेदांगचीच आजी, तोंडाला रुमाल लावून सगळ्या बायकांदेखत म्हणाल्या होत्या, "अगं बाई, म्हणजे रोगच म्हणायचा. एवढ्याशा जिवाला."

रोग. ज्या घराण्यातला मूळ पुरुष भोसल्यांच्या चाकरीत घोड्यावरून नर्मदेकाठी आला, ज्या घरातला सासरा ऐंशीव्या वर्षी नर्मदेत सूर मारत होता, ज्या घरातल्या नवऱ्याने फॅक्टरीत चौतीस वर्षांत आजारपणाची एक रजा टाकली नाही, त्या घराला रोग. तोही वसुधाबाईंच्या रुमालाआडून.

"रोग नाही," बेबीबाई म्हणाल्या होत्या. "नेम आहे. आमच्या कुळदेवीला फल्लीदाणा चालत नाही. सात पिढ्यांचा आहे. मधे आम्ही ढिलाई केली, म्हणून देवीनं पोराच्या तोंडावर दाखवलं."

बायकांनी माना डोलावल्या. दोघींनी तर हात जोडले.

घरी आल्यावर मेघनाने विचारलं होतं, "आई, सात पिढ्यांपूर्वी आपल्याकडे फल्लीदाणा होता तरी का? तो तर बाहेरून आला. सरळ ॲलर्जी म्हणायचं होतं."

"तू शाळेत शिकव," बेबीबाई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

मिटला कसला, वाढला. पुढल्या वर्षी मंडळातल्या एका बाईने मुलीच्या लग्नासाठी फल्लीदाण्याचा नेम धरला आणि वैशाखात लग्न झालं. मग आणखी तिघींनी धरला. उद्यापनाला काय करायचं ते विचारायला बायका कांचघरला यायला लागल्या आणि बेबीबाईंनी तेही सांगितलं: पाच सवाष्णी, खणानारळाची ओटी. वसुधाबाईंनी गुडघ्यासाठी गुरुवार धरले. त्या दिवशी बेबीबाईंनी घरी येऊन स्वतःसाठी चहात दोन चमचे साखर घातली होती. आणि अक्षतला, तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल, समोर बसवून सांगितलं होतं: कोणी विचारलं तर देवीचा नेम आहे म्हणायचं. आजीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. पोराने मान हलवली होती.

खलातलं डाळं अर्धंच कुटलं होतं.

"काय झालं ते सांग," बेबीबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून. अन् हिंदीत सांगायचं तर हिंदीत सांग, पण अर्धं गिळू नको."

वेदांगने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"तालमीला रोज पोहे-जलेबी येते, आजी. पोह्यांत फल्लीदाणे असतात. तो नुसती जलेबी घ्यायचा. आम्ही त्याला पंडितजी म्हणत होतो."

"तो चिडायचा?"

"नाही. हसायचा. 'पंडितजी को दो जलेबी एक्स्ट्रा' असं स्वतःच म्हणायचा अन् घ्यायचा दोन. कधी म्हणायचा, तुम्ही पापी लोक खा, मी वरून बघतो." वेदांगच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते त्याने आवरलं. "त्याचं जमून गेलं होतं, आजी. कोणी काही म्हटलं की तो असं काही बोलायचा, की सगळे हसायचे अन् बात तिथंच संपायची."

बेबीबाईंना हे माहीत नव्हतं. घरात पोरगं चार शब्द बोलत नाही. जीभ या घराण्याचीच निघाली तर.

"मग शनिवारी काय मेलं?"

"शनिवारी मी लाडू नेले होते. घरून." तो थांबला. "प्रथमेश म्हणाला, आज पंडितजीचा नेम तोडू. देवी खरंच येते का बघू. सगळे लागले मागे. दादीचा पल्लू सोड, असं. एवढा मोठा झाला अन् दादीला घाबरतो. तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, की नेम-वेम नाही यार, मला ॲलर्जी आहे, सीरियस आहे."

"म्हणाला?"

"हो. दोनदा म्हणाला."

"अन् तुम्ही बहिरे होते?"

"प्रथमेश म्हणाला, अच्छा, अब ॲलर्जी? कल देवी थी, आज ॲलर्जी. कोणालाच खरं वाटलं नाही, आजी. आम्हाला वाटलं, बहाना करून राहिला. अन् मग मी..." पोराचा आवाज चिरकला. मिशीची रेघ असली तरी आवाज अजून धड बसला नव्हता. "मी म्हटलं, ॲलर्जी आहे तर मग तुझी आजी खोटं बोलते का? माझी आजी गुरुवारी फल्लीदाणे खात नाही, ती काहून मग? बोल नं, तुझी आजी झूठी आहे का?"

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. बेबीबाईंनी तिकडे पाहिलं, जसं काही भाजी घ्यायची होती.

"मग तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. माझ्याकडे पाहत राहिला. मग लाडू उचलला."

बेबीबाईंनी बत्ता हातात घेतला. परत ठेवला.

"अन् पुढं?"

"पुढं त्यानं गळा धरला. आम्हाला वाटलं, ॲक्टिंग करून राहिला. नाटकात त्याला विष पिऊन मरायचं असतं, तोच सीन करून राहिला असं वाटलं." वेदांग आता रडत होता, पण नाक ओढायचीही त्याला लाज वाटत असावी, ते तसंच वाहत होतं. "आम्ही टाळ्या वाजवल्या, आजी."

ही गोष्ट बेबीबाईंना कोणी सांगितली नव्हती. अक्षतने नाही, मेघनाने नाही. तीन दिवस पहाटे घोकलेलं सगळं त्यांना एकदम आठवलं, ओळीने, आणि त्यातला एकही शब्द या टाळ्यांना पुरा पडणारा नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. कारण त्या हॉलमध्ये चार पोरं होती, आणि त्यांच्या मागे पाचवी एक बाई इरकलीचं लुगडं नेसून उभी होती, आणि टाळ्या सुरू व्हायच्या आधी नेमाचं बोलून गेली होती ती तीच.

"दवाखान्यात कोणी नेलं?" त्यांनी विचारलं.

"मी. प्रथमेशच्या स्कूटरवर. त्याला मधे बसवलं अन् प्रथमेशनं मागून धरलं."

"लायसन आहे तुझ्यापाशी?"

"नाही."

"मग? पोलिसानं अडवलं असतं तर?"

"थांबलो नसतो."

बेबीबाईंनी प्रथमच त्याच्याकडे धड पाहिलं. रिकाम्या पोटी निघालेला, वाटेत एक केळं खाऊन बसलेला, शेंडी नसलेला नारळ छातीशी धरून उभा. वेंधळा तर वेंधळाच.

"अक्षत," त्यांनी आत हाक मारली.

पडदा लगेच हलला. पोरगं झोपलेलं नव्हतंच. पडद्यामागे उभं राहून सगळं ऐकत असावं. तो बाहेर आला. ओठांची सूज उतरली होती, डोळ्यांखालची अजून होती. गळ्याभोवती आईचा स्टोल गुंडाळलेला. वेदांगने त्याच्याकडे पाहून मान खाली घातली. अक्षतनेही.

"याला सांग, तुला काय झालं."

"आजी, राहू दे नं."

"विचारलं ते सांग."

अक्षतने वेदांगकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या नारळाकडे, मग आजीकडे. घसा खाकरला. दुखत असावा.

"नेम मोडला," तो म्हणाला.

दवाखान्यात नाकात नळी असताना या पोराकडे पाहून बेबीबाई रडल्या नव्हत्या. बायका रडत बसल्या की डॉक्टर घाबरतात, असं त्यांचं मत होतं. आताही त्या रडल्या नाहीत. फक्त खलातल्या डाळ्यावर हात फिरवून त्यांनी ते सारखं केलं, आणि पुन्हा सारखं केलं.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या.

अक्षतने दचकून वर पाहिलं.

"नेम असता तर देवीनं माझं तोंड सुजवलं असतं, तुझं नाही. मी विचारून राहिले, तुला काय झालं?"

"आजी..."

"मेघना घरी असती तर तिनं सांगितलं असतं. ती नाही. तूच सांग."

"ॲलर्जी," तो कुजबुजला.

"यालाच ऐकू आलं नाही, तर हॉलमधल्या तिघांना काय येणार? त्यांच्यासमोर बोलायचं आहे तुला. मोठ्यानं."

"ॲलर्जी आहे मला. फल्लीदाण्याची." घोगरा, फाटका आवाज, पण आता कठड्यापलीकडे गेला. "खाल्ला तर मरू शकतो मी. नेम-बिम काही नाही."

"अन् कोणी म्हटलं, तुझी आजी तर असं सांगत होती, तर?"

अक्षतने स्टोलचं टोक मुठीत धरलं. पंधरा वर्षांचं पोर, हसवून चार जणांना गार करणारं, या एका प्रश्नावर पुन्हा मुकं. शनिवारीही असंच झालं असेल. अगदी असंच.

"तर म्हणायचं, हो, सांगत होती. खोटं सांगत होती," बेबीबाई म्हणाल्या. "एवढं सोपं आहे. जीभ झिजत नाही त्यानं."

वेदांग दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. पाढ्यात मधेच चुकलेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं होतं.

"म्हणजे देवी..." त्याने नारळ थोडा पुढे केला. "मग हा कुठं फोडू, आजी?"

"आपल्या डोक्यावर." बेबीबाईंनी हात पुढे करून नारळ घेतला, कानाशी नेऊन हलवला, आणि पाटाशेजारी ठेवून दिला. "खिचडीला उपयोगी येईल. देवीला मधे ओढू नको. अकरा वर्षं मी ओढलं तिला, तेवढं पुरे झालं. अन् घरी जाशील तेव्हा तुझ्या आजीला सांग, बेबीबाईंच्या नातवाला रोग आहे."

"ॲलर्जी म्हणू का, आजी?"

"रोगच म्हण. तिचाच शब्द आहे, ती बरोबर ओळखेल. गुरुवारी दाणे खा म्हणावं खुशाल. गुडघा तसाही दुखायचाच आहे."

अक्षतच्या घशातून एक आवाज निघाला, खोकल्यासारखा. पण खोकला नव्हता. वेदांगने नाक बाहीला पुसलं आणि दारातल्या आपल्या चपलांकडे पाहिलं. पाय मात्र हलवला नाही.

"अन् मी, आजी? माझं काय?"

बेबीबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. घाई केली नाही. बत्ता उचलला, खलात एकदा आपटला, आणि म्हणाल्या,

"तू मूर्ख आहेस, वेदांग. टाळ्या वाजवल्यास, ते म्हातारा होशील तरी तुझ्या कानातून जाणार नाही, अन् जाऊ पण नये. पण खोटारडा नाहीस तू. ती पोस्ट या घरात केव्हाची भरलेली आहे. तो भिंतीशी ठेवलेला पाट घे, आणि बस."